शनिवारची पोरं

मी नागपूरची, इंदोऱ्याची. वडील गिरणीत होते. शकुन-अपशकुन मानायचा नाही असा त्यांचा दंडक, मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे. पण आम्ही पोरं परीक्षेला निघालो की आई स्वयंपाकघराच्या दाराआड बोलवायची आणि हातावर दहीसाखर ठेवायची, आणि वडील तेवढ्या वेळ पाठ करून पेपर वाचत बसायचे. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते त्या दह्यानंच झालं.

आमच्या ह्यांच्या बहिणीनं ग्रीनकार्डासाठी फाइल केली म्हणून आम्ही दोन हजार एक साली अमेरिकेत आलो, ॲरिझोनात, चँडलरला. वाळवंट आहे म्हणाले लोक. म्हटलं, नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई मी, मला काय ऊन दाखवता, तर पहिल्याच जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरलं आणि बोटं भाजून घेतली. हे वेअरहाउसला लागले, मुलगा मिलिंद कॉलेजात. तिसऱ्या वर्षी हे गेले. हार्ट. मग मिलिंदला टेक्सासमध्ये अर्विंगला आयटीत जॉब लागला, तो तिकडं गेला, आणि दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये उरले मी आणि फ्रिजचा आवाज. तो बंद पडला की मी दचकायची. आई, इकडं ये, मिलिंद दर रविवारी फोनवर म्हणायचा. येते ना, बघते, असं मी म्हणायची. त्याची रूममेटवाली जागा, त्याचं वय, मी तिथं कुठं मावणार.

नोकरी एका हॉटेलात, ब्रेकफास्ट काउंटरला. अंडी, वॉफल, ज्यूस, दही, फळं, सांडलेलं पुसा, परत भरा. तिथं हिवाळ्यात इथल्याच एका लॅक्रॉसच्या टीमचं बुकिंग यायचं. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं हा औषधाचा प्रकार आहे. मग कळलं की खेळ आहे, लांब काठीला जाळी लावतात, त्यात चेंडू झेलायचा आणि गोलमध्ये मारायचा, आणि मधे जो येईल त्याला काठीनं हाणायचं, आणि ते चालतं, पोलीस येत नाही. प्रोफेशनल टीम, पण पोरं बिचारी आठवडाभर आपापल्या गावी नोकऱ्या करायची. कॅनडातली बरीचशी. कुणी सुतार, कुणी फायरब्रिगेडमध्ये. शुक्रवारी विमानानं यायची, शनिवारी मॅच, रविवारी सकाळी परत. बाहेरच्या गावी मॅच असली की तो शनिवार माझा कोरडा. हिवाळा ते मे, असा सीझन.

मला काय, येईनात का. पण बाप्पा, शनिवारी सकाळी ती पंचवीस दांडगी पोरं ब्रेकफास्टला खाली उतरली की अंडी करता करता माझा हात थांबायचा नाही आणि तोंडही. तू कमी खातोस. तुझ्या गुडघ्याचं काय झालं. इतकं मराठीत मी कुणाशी बोलले नसेन जितकं त्यांच्याशी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलले.

त्यात एक ग्रेग होता, गोलकीपर. सदतीस वर्षांचा, टीममध्ये सगळ्यात म्हातारा, टोरांटोच्या पुढं कुठल्या छोट्या गावी शाळेत शिकवायचा. त्या वर्षी पहिल्या काही मॅच हरले आणि हा सकाळी नुसती कॉफी पुढं घेऊन बसलेला. माझ्यानं राहवेना. मी काउंटरवरचं दही चमच्यात घेतलं, वर साखरेची पुडी फोडली, आणि त्याला म्हटलं, हात पुढं कर, उजवा. हे काय, त्यानं विचारलं. म्हटलं, आमच्याकडं मूल परीक्षेला निघालं की देतात. तो म्हणाला, मी सदतीसचा आहे. म्हटलं, परीक्षेला वय विचारत नाहीत. त्यानं चाटून खाल्लं.

जिंकले ना त्या दिवशी.

झालं. पुढच्या शनिवारी बघते तर ज्यूस मशीनपासून लिफ्टपर्यंत लाइन, सगळे हात पुढं करून. खेळणारी माणसं आपल्यापेक्षा शकुनी हो. एकजण जिंकलेल्या मॅचचे मोजे धूत नव्हता, त्याच्याजवळ कुणी बसेना, त्यापेक्षा माझं दही बरं. डावा हात पुढं आला की मी चमच्यानं टोला द्यायची. मॅनेजर मारिया लांबून बघायची आणि म्हणायची, यू नो, दे आर पेइंग गेस्ट्स. म्हटलं, पेइंग असले म्हणून काय झालं. वडिलांना मनातल्या मनात सॉरी म्हटलं आणि दही वाढत गेले.

ग्रेगनं एकदा मॅचचं तिकीट आणून दिलं. गेले. आत ही थंडी, बर्फावर गालिचा अंथरून खेळतात म्हणे, मी साडीवर स्वेटर आणि स्वेटरवर ह्यांचं जाकीट. खेळातलं ओ की ठो कळेना. ग्रेग गाद्या बांधून उभा, आणि चेंडू नुसते अंगावर येतायत, मी अर्धी मॅच डोळे मिटून बघितली. शेजारच्या बाईनं विचारलं, यातला तुमचा कोणता. मी म्हटलं, तो गोलमध्ये उभा आहे तो. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, हाउ नाइस. बोलून गेले आणि मग कितीतरी वेळ मान खाली घालून पॉपकॉर्न खाल्लं.

मे आला. मिलिंदनं मला अर्विंगचं तिकीट काढून दिलं होतं, आई, ये, मी लाँग वीकेंड घेतलाय, आपण जरा बोलू, तू इकडंच राहायचं बघू. ते तिकीट होतं सेमीफायनलच्या पुढच्या शनिवारचं. ग्रेगनं मला आधीच सांगितलं होतं की ही सेमीफायनल हरलो तर सीझन संपला, रविवारी सगळे घरी. मी इतकंच धरलं की हरले तर जातील आणि जिंकले तर परत येतील. त्या शनिवारी हॉटेलचं पाणचट दही मला पुरेना, घरून विरजण लावलेलं घट्ट दही नेलं, एकेकाच्या हातावर दोन-दोन चमचे ठेवलं.

जिंकले. मी टीव्हीवर निकाल बघितला आणि मिलिंदला फोन केला, म्हटलं, बाळा, तिकीट कॅन्सल कर, पुढच्या शनिवारी माझी पोरं येतायत. तो ओके म्हणाला.

रविवारी सकाळी सगळे पिशव्या घेऊन खाली आले, नाचतायत, मला उचललं एकानं. मी म्हटलं, शुक्रवारी किती वाजता येताय, मी दही लावते. तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ग्रेगनं हातातली प्लेट खाली ठेवली आणि मला नीट समजावून सांगितलं, शाळेत सांगत असेल तसं, की फायनल समोरच्या टीमच्या गावी होते, त्यांनी सीझनभर जास्त मॅच जिंकल्यात म्हणून. हरलो असतो तरी आज जाणारच होतो, आणि जिंकलो म्हणूनही जातोय. मी हसले. म्हटलं, बरोबर आहे, मीच वेडी.

मिलिंदला फोन करून सांगायची हिंमत झाली नाही. त्या शनिवारी मी ड्यूटी मागून घेतली. दुपारी मारियानं हाक मारली, तुझा फोन. ग्रेग होता. म्हणाला, मॅचला जायची बस लागलीय, दही आहे, साखर आहे, द्यायला कुणी नाही. मी म्हटलं, मित्राकडून घे. म्हणाला, तसं नाही चालत. मग म्हटलं, हात पुढं कर. उजवा. तो म्हणाला, गॉट इट, आणि फोन ठेवला.

एका गोलनं हरले.

पुढच्या हिवाळ्यात टीम खेळणार नाही असं पेपरात आलं. मग कळलं, बंदच झाली. ग्रेग आपल्या शाळेत असेल. पोरं जिथं असतील तिथं सुखी असोत, हाडं शाबूत राहोत त्यांची. हॉटेलात आता शनिवारी लग्नाची वऱ्हाडं येतात, कॉन्फरन्सवाले येतात, चांगली माणसं आहेत, अंडी कशी हवीत विचारलं की फोनकडं बघून सांगतात.

परवा मिलिंद म्हणाला, आई, आता तरी ये. मी सवयीनं म्हटलं, मे होऊ दे रे, सीझन आहे. तो हळूच म्हणाला, आई, देअर इज नो सीझन. म्हटलं, ठाऊक आहे मला. पण मारियाला मी मेपर्यंतचे सगळे शनिवार देऊन ठेवलेत, तिला नाही कसं म्हणू.