सुमनअक्कांच्या मोरीतलं पाणी

आधी अक्कांचं नाव लिहून घ्या. सोनगीरच्या सुमनअक्का. माझं नंतर लिहा, नाही लिहिलंत तरी चालेल. त्या बाई नसत्या तर मी आज धुळ्यात नसतो, आणि गावी तरी कुठल्या तोंडाने गेलो असतो, काय सांगू तुम्हाला.

मी मूळचा राजापुराकडचा. आठवीत शाळा सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली, गणित यायचं नाही आणि मास्तर छडी खाली ठेवायचे नाहीत. चार वर्षं आंब्याच्या पेट्या ठोकल्या, मग गावातल्या एकाच्या ओळखीने धुळ्याला आलो, पंप आणि कूलर विकणाऱ्या शेठकडे. इथलं ऊन सोसेना, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घशाखाली उतरेना, आणि रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज आपल्याला काढून टाकणार. अजूनही वाटतं म्हणा. सवय लागली ती लागली.

त्यात शेठने त्या नवीन मशिनी आणल्या. आरओ. आता दोन हजार साल येईल म्हणतात, पण तेव्हा आमच्या बाजारात कुणी त्या पाहिल्यासुद्धा नव्हत्या. काम सोपं असतं हो. खारं पाणी पंपाने एका जाड सुरळीतून दाबायचं, मेंब्रेन म्हणतात तिला. गोड पाणी बारीक नळीतून टाकीत पडतं आणि खार घेऊन उरलेलं पाणी दुसऱ्या नळीतून मोरीत जातं. एक तांब्या प्यायला, तीन तांबे मोरीत. हे तीन तांबेच माझ्या जिवावर उठले.

माझ्या पहिल्या दोन मशिनी परत आल्या होत्या, एकीची नळी गळत होती, दुसरीचा पंप मी उलटा जोडला होता. शेठ म्हणाले, तिसरी परत आली ना, तर त्याच दिवशी तुला कोकणच्या गाडीत बसवतो. तिसरी धुळ्याजवळच्या सोनगीरची. अक्कांचे मालक, नाना, रिटायर मास्तर, त्यांना मुतखडा. बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, पाणी बदला. मी मोरीवरच्या स्लॅबवर निळा ड्रम ठेवला, त्यात बोअरचं पाणी, तिथून मशीनला नळी. उरलेल्या पाण्याची नळी मोरीत सोडली, आणि म्हटलं, अक्का, हे पाणी सगळं वाया. अक्का म्हणाल्या, वाया? बठ्ठं? पानी काय केळनं सालटं शे का, फेकी देवाले? मी हसलो. आमच्याकडे पाणी म्हणजे दारातून वाहणारी गोष्ट, आणि इथे नळाला आठव्या दिवशी पाणी. हसलो आणि निघून आलो. तिथेच चुकलो.

महिन्याभरात नानांचा निरोप, पाणी मचूळ येतं. गेलो. सगळं खोललं, जाळी धुतली, परत बसवली. नाना खुर्ची टाकून समोर बसलेले, म्हणाले, पोरा, तुझ्या मशीनपेक्षा आमची बोअर बरी, ती निदान फुकटात खारं पाणी देते. पुढच्या महिन्यात परत निरोप. गेलो. मेंब्रेनवर पांढरा थर, खडू फासल्यासारखा. एवढ्यात कसा? शेठच्या हातापाया पडून नवीन मेंब्रेन घातली. तीही तशीच झाली. ड्रम बघितला, नळी बघितली, मोरीत नळीखाली बादली होती, मला वाटलं शिंतोडे उडू नयेत म्हणून. शेठ म्हणाले, उद्या मी स्वतः येतो, मशीन उचलतो, तू तुझी ट्रंक उचल. 

त्याच दिवशी मी परत सोनगीरला गेलो तर लाईट गेलेली. म्हणून बसलो मोरीशी, गुडघ्यात डोकं घालून. तेवढ्यात अक्का आल्या, कुणाला दाखवायचं म्हणून नाही, रोजच्यासारख्या आल्या, नळीखालची भरलेली बादली उचलली, दगडावर पाय दिला आणि ओतली ड्रममध्ये. परत ड्रममध्ये! जो खार काढला तोच परत, वरून थोडंसं नवीन पाणी, मग परत तोच खार, महिनोन्महिने. ड्रममध्ये बोट घालून जिभेला लावलं, समुद्र.

मग काय झालं मला, मी ओरडलो. अहो, एवढ्या मोठ्या बाईवर ओरडलो. हे काय करता, डोकं आहे का, माझी नोकरी गेली तुमच्यापायी, असलं काहीबाही. नाना खुर्चीतून उठले. अक्कांचा चेहरा उतरला, म्हणाल्या, भाऊ, पानी मशीनमाईन निंघनं, मले वाटनं ते धुयेल शे. आणि मग हळूच विचारलं, मंग हाई पानी टाकू कोठे?  मशीन कसं चालू करायचं सांगितलं, बंद कसं करायचं सांगितलं, आणि ज्या घरात थेंब थेंब जपतात तिथे हे पाणी कुठे घालायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. फेका म्हटलं. कोण फेकणार?

दुसऱ्या दिवशी शेठ जीपने आले. मी कोपऱ्यात. मला वाटलं, काल ओरडलो, आज बाई तोंड फिरवणार, म्हणणार मी काही केलं नाही, आणि कोण विचारतो मला? शेजारच्या चार बायाही जमलेल्या. अक्का पदर खोचून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, शेठ, या पोऱ्यानी काही चूक नही, मन्हाच हातनी चूक शे, बादली मीच ओती. शेजारणींसमोर हो. एक हसलीसुद्धा. नाना म्हणाले, अगं गप. अक्का म्हणाल्या, काब्र गप? पोऱ्या दूरना शे, त्यानं आठे कोन शे?

शेठने ड्रममध्ये वाकून बघितलं. जाताना म्हणाले, ड्रम धुऊन घे, उद्या दुकानात वेळेवर ये. बस.

त्या दिवशी ड्रम रिकामा केला, मेंब्रेन तेजाबाच्या पाण्यात बुडवून थर काढला, आणि अक्का आणि मी ठरवलं, ते पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, फरशी पुसायला, संडासात, अंगणात सडा मारायला. झाडांना नको, खार बसतो. पंधरा दिवसांनी नाना म्हणाले, आज डाळ शिजली बुवा. मशीनला एवढंच बक्षीस.

आता मी घरोघरी आधी बादलीचं सांगतो, मग स्क्रू पिळतो. सगळ्या हो हो म्हणतात आणि ड्रममध्येच ओततात. परवा पारोळ्याला एकीने ओतलं आणि मलाच म्हणाली, मशीन खराब दिलं. काय करणार? मी आता ओरडत नाही, दात खातो.

अक्का अजून बादल्या वाहतात. गुडघे दुखतात त्यांचे, बोलत नाहीत. माझं नीट बस्तान बसलं की त्यांच्या मोरीशी उरलेल्या पाण्याची वेगळी टाकी बसवणार, तिथून संडासाला आणि अंगणाला नळ. त्या नको म्हणतील. म्हणू देत. कधी जमेल माहीत नाही, पण ते काम मी माझ्या हाताने करणार, हे लिहून ठेवा.