वकिलातीतून आलेला फोन

जयलक्ष्मीपुरममधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"अनुसूयाक्का, तुमच्या माडीवरचा तो अरब मुलगा, हैथम, अजून आहे ना?"

"आहे गं तुळसी. पण परवा घाबरून बॅग भरून बसला होता. त्याच्या देशाच्या वकिलातीतून मला फोन आला ना!"

"तुम्हाला? कशाला?"

"हा खोलीत काय करतो, विचारत होता तो माणूस. म्हटलं, सुम्मने, उगाचच, गीझर चालू ठेवतो."

"अय्यो!"

"आमच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बोलतो का, म्हणे. म्हटलं, माझ्या सारूविरुद्ध बोलतो, भातावरचं सार तिखट होतं म्हणतो. त्यासाठी आत घालणार का?"

"असं तोंडावर म्हणालात?"

"मग! हैथमच्या भावाला एका व्यंगचित्रासाठी उचललंय. चार वर्षं झाली, आईला भेटू देत नाहीत. त्या माणसाला सांगितलं, आधी त्या आईला तिचा मुलगा दाखव, मग मला फोन कर. इंग्लिश संपलं तेव्हा कन्नडात ओरडले."

"आणि हैथम?"

"त्याला म्हटलं, बॅग उघड, आंघोळ कर आणि खाली जेवायला ये."

"तुम्हाला भीती नाही वाटली, अक्का?"

"वाटली की. म्हणून तर एवढं ओरडले."