भाकर भाजेल कोण

डॅडी : रेकॉर्डवर सुई हळू ठेव, नेडीन. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवतेस असं समज.

नेडीन : ठेवली. ही काय, नुसती खरखर.

डॅडी : थांब जरा. खरखर संपली की आमच्या क्लोव्हिसचं मँडोलिन. झोपेत नदी वाहावी तसं. आहे का त्यात कुठे चेष्टा?

नेडीन : नाही.

डॅडी : तेच तर. नॅशव्हिलची गाणारी पोरं समजायची, टॅकेट आणि प्रुइट, म्हणजे मी आणि क्लोव्हिस, नुसता वात्रटपणा. अगं, रडकं गाणं घेतलं तर ते मूळ गाण्याहून गोड वाजवायचं. थट्टा फक्त शब्दांत. वाजवण्यात थट्टा केली की माणसं हसत नाहीत, उठून जातात.

नेडीन : मूळ गाण्यात ती निघून जाते. तो विचारतो, 'तू गेलीस, आता दारात उभं राहील कोण?'

डॅडी : आणि आम्ही, 'तू गेलीस, आता भाकर भाजेल कोण?' ज्याचं गाणं, तो स्वतः येऊन म्हणाला, ऑरिन, तुझ्यामुळे मला माझ्याच गाण्याला रडू येईना. तुझी आई तर मक्याची भाकर ताटात उलटी करताना हेच गुणगुणायची.

नेडीन : थंड चहात अजून बर्फ घालू?

डॅडी : घाल. नेडीन, मला मूळ शब्द येत होते गं. चर्चमध्ये तुझ्या आईच्या शवपेटीजवळ उभा राहिलो, तेव्हाही ओठांवर होते. तोंड उघडलं आणि उभ्या जन्माची सवय बाहेर पडली, भाकरीचंच गायलो.

नेडीन : झालं ते, डॅडी.

डॅडी : तू रुमालात तोंड खुपसून बाहेर गेलीस. खांदे हलत होते तुझे. आईच्या मातीला पोरीला रडवलं मी, तेही थट्टेने. परत गायलो नाही त्यानंतर.

नेडीन : व्हरांड्यातलं ऊन डोळ्यांवर आलंय तुमच्या. पडा थोडं. रविवारी येईन तेव्हा बोलू.

डॅडी : रविवारी? बरं. रेकॉर्ड राहू दे चालू. झोपेत ऐकली की वाटतं, आत ती काहीतरी करतेय. भांडी वाजतात.

(तोच व्हरांडा. ऑरिनला मूठमाती देऊन क्लोव्हिस आणि नेडीन परतले आहेत.)

क्लोव्हिस : डाव्या बाजूला नको बसू, पोरी. तो कान तुझ्या बापाच्या बँजोने खाल्लाय.

नेडीन : खुर्चीतच गेले, क्लोव्हिस काका. शनिवारी दुपारी. शेजारीण म्हणाली, झोपलेत असंच वाटलं.

क्लोव्हिस : सकाळीच फोन होता त्याचा. म्हणाला, उद्या नेडीन बोलणार आहे, शर्टाला इस्त्री करतोय. काय बोलणार, विचारलं. तर म्हणाला, शिक्षा सुनावणार असेल.

नेडीन : कसली शिक्षा?

क्लोव्हिस : तुझ्या आईच्या त्या दिवसाची. म्हणायचा, जन्मभर परक्यांना हसवलं आणि घरातल्या एकीला रडवलं.

नेडीन : मी रडत नव्हते.

क्लोव्हिस : काय म्हणालीस?

नेडीन : तिथे सगळे आईबद्दल इतकं गोड बोलत होते, की ती दुसरीच कोणी बाई वाटायला लागली होती. मीही पुस्तकातलं काहीतरी निवडून नेलं होतं वाचायला. तेही तिचं नव्हतं. मग डॅडी भाकरीचं गायले, आणि ती एकदम आली. हाताला पीठ, कपाळाला पीठ.

क्लोव्हिस : ओठ हलताना दिसतायत, पोरी. शब्द पोचत नाहीत. मोठ्याने बोल. माझ्याकडे नको बघू, तिकडे झाडांकडे बघ. स्टेजवर आम्ही असंच करायचो, सगळ्यात लांबच्या माणसाला सांगायचं.

नेडीन : मी हसत होते, डॅडी. तुम्ही थांबायला नको होतं.