जवळचं की दूरचं

...आता मला सांगा, डॉक्टरनं पेशंटला विचारायचं असतं, की पेशंटनं डॉक्टरला? मुरबे गावचे आमचे कमलाकांतकाका, जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे होडी कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर... पण मोतीबिंदू झाला, पालघरच्या जागृती डॉक्टरांसमोर बसले, तर बाई म्हणतात, "डोळ्यात लेन्स बसवायची. एका नंबरची घेतली तर दूरचं चष्म्याशिवाय दिसेल, दुसऱ्या नंबरची घेतली तर जवळचं. दोन्ही चांगलं, काका, तुम्ही सांगा."

काका म्हणाले, "बाय, शिकली तू का मी?"

घरी आले आणि तुम्हाला सांगतो, अख्खी आळी डोळ्यांची डॉक्टर झाली. हंसाकाकी म्हणे, "जवळचा घ्या, म्हावऱ्यातला काटा दिसंल." मुलगा दिपेश, बोईसरला कंपनीत, तो म्हणे, "बाबा, दूरचा घ्या, तुमी रस्ता ओलांडता तं माजा जीव जाते." रात्री काकी विचारतात, बोंबील तळू का कालवण करू, दोन्ही चांगलं, तुमीच सांगा... काका न जेवता उठले. कारण दुखणं वेगळंच होतं हो. दूरचं मागावं, तर होडीवर आता नेतंय कोण? आणि जवळचं मागावं, तर आपल्याच तोंडानं म्हणायचं, की तांडेलकी संपली.

पुन्हा पालघर, पुन्हा तेच... दोन्ही चांगलं, काका, तुम्ही सांगा. काकांनी सोबत आलेल्या काकींकडं बघितलं. मग बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "बरं, दिवसभर काय करता ते तरी सांगा."

"काय करनार? ओट्यावर बसून जाळी सांधतो. पन गाठ कुठं मारली ते दिसत नाय. दिपेश गुपचूप सोडवून परत बांधते, त्याला वाटते मला कळत नाय."

"आणि होडीवर परत जायचंय?"

काकी खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांनी स्वतःचे हात चोळले. मग म्हणाले, "नाय. जवळचा द्या."

आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माणूस भात मागून मागून जेवला.

ऑपरेशन झकास झालं. काका सुई घेऊन ओट्यावर, एकेक गाठ अशी की दिपेशला हात लावायची सोय नाही. आता ही बातमी गावात फिरायला वेळ लागतो का? ज्याचं त्याचं फाटकं जाळं काकांच्या दारात, वर, "घाई नाय काका, सकाळी दिलं तरी चालंल." परवा गेलो तर ढिगामागून नुसतं टक्कल दिसत होतं. म्हटलं, "काका, कसं दिसतंय?"

"जवळचा मस्त दिसते," काका म्हणाले. "पन दूरचा घेतला असता, तं ही येनारी मानसं लांबूनच दिसली असती, नि मी आत जाऊन झोपलो असतो."