पापणीवरची पिवळी खूण

चहात साय आली म्हणून काढून टाकतोस कशाला रं? माझं ऐक आधी.

दुष्काळात चारा छावणीवर आमच्या दूध सोसायटीनं रक्ततपासणी ठेवलती. माझ्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल लई जास्त निघालं. मला तर हसूच आलं. सारा जन्म सोसायटीत दूध घालण्यात गेला. दुधाला फॅट जास्त लागली की दर वाढतो, माणूस खुशच होतो.

डॉक्टरीणबाईला म्हणलं, "बाई, म्हैस आटलीय, घरात तूप न्हाई. माझ्या रक्तात चरबी आली कुठून?"

"ती फक्त खाण्यातून येत नाही. लिव्हरच तयार करतं. काही घराण्यांत ती रक्तातून नीट निघून जात नाही, साठत राहते." तिनं माझ्या पापणीवरच्या पिवळ्या डागाकडं बोट केलं. "हे कधीपासून?"

"ते होय? आमच्या घराण्याची खूण हाय ती. ज्याला उठली तो आपल्या रक्ताचा, असं आई म्हणायची. माझ्या बापाला होती, चुलत्याला होती."

"ते कुठं असतात?"

"दोघं बी पन्नाशीच्या आत गेले. छातीत कळ येऊन."

बाईनं माझा रिपोर्ट पुन्हा उचलून बघितला. म्हणाली, "मुलंबाळं असतील त्यांचंही रक्त तपासून घ्या."

त्याच सांजेला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेलती. लहानपणापासून आमी तिला चिडवायचो, तू आईच्या वळणाची, आमची न्हाईसच म्हणून. पाचटाच्या कोपीसमोर बसून, फोन डोळ्याजवळ नेऊन ती हसत म्हणाली,

"बाबा, बगा, मला बी खूण उठली. आता तरी म्हणा, तुमच्याच रक्ताची हाय म्हणून."