एका जीपले दोन काटे

गाडीले वायरवाला काटा लावावा का नळीवाला, हे आमच्या घरी कोणाले इचारू नका. आमचे हे प्लांटात जलमभर फिटर, अन् पोरगा इलेक्ट्रिकलमधी. जुन्या जीपचं इंजिन सुपेल्याच्या ग्यारेजात नवं बांधून घेतलं, तवा तेलाचं प्रेशर दाखवणाऱ्या काट्यावरून दोघांची जुंपली.

"नळीतून खरं तेल काट्यापर्यंत येते. वायर खोटं बोलते," हे म्हणे.

"बाबा, नळी फुटली तं गरम तेल तुमच्याच पायावर!"

शेवटी दोन्ही लावले. भाचीच्या लग्नाले राजनांदगावले निघालो, तं रस्त्यात नळीवाला काटा शून्यावर पडला अन् वायरवाला मस्त वर उभा.

"थांबव, तेल गेलं!" हे ओरडले.

"कुठं गेलं? माझा काटा पाहा ना. तुमची नळी चोक झाली," पोरगा गाडी चालवतच म्हणे.

मी मागून म्हटलं, "अरे, आधी इंजिन बंद करा, मंग भांडा!" कोण आयकते? भांडता भांडता इंजिन खडखडलं अन् जाम होऊन बसलं. पोरानं चाबी फिरवून बंद केली, तसा करंट गेला अन् त्याचाबी काटा शून्यावर आला.

तवा कुठं दोन्ही काट्यांचं एकमत झालं.