लिनक्सवर नापास

"हॅलो?... कोण?... पियूष?"

भैरवी खुर्चीत सरळ बसली. यवतमाळच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातून तिला काढलं त्याला वर्ष होत आलं होतं. ज्याच्यामुळे काढलं, त्याचा हा पहिला फोन.

"हो, हो... बरी आहे. आईपण बरी आहे. तू कामाचं बोल... कापूस-पावतीचा प्रोग्राम?... बरं... खरेदी संघानं नापास केला?... अरे थांब, थांब, हळू बोल... विंडोजवर चालते आणि लिनक्सवर पडते?... हं. 'माह्या मशीनवर तर चालते.' हे तू पहिल्यांदा नाई बोलून राह्यला."

खरेदी केंद्रांवर जो मिळाला तो कॉम्प्युटर होता. ढाणकीला जुनं विंडोज, आर्णीला नवं, यवतमाळला विंडोजऐवजी लिनक्स. कापसाचा भाव पडलेला, माणसं केंद्राबाहेर रात्र रात्र गाड्या लावून बसलेली. अशात पावती अडली असती तर दगड पडले असते. म्हणून भैरवीनं ऑफिसच्या कोपऱ्यात तिन्ही प्रकारचे कॉम्प्युटर मांडले होते. प्रोग्रामात काही बदललं की ती त्याच चाचण्या तिन्हींवर चालवायची. वजन एक, तर पावतीही तिन्हीकडे एकसारखी निघाली पाहिजे. पियूषचा प्रोग्राम लिनक्सवर दरवेळी पडायचा. शेवटी त्यानं मालकांना, सदाशिवरावांना सांगितलं, की तिच्या चाचण्याच चुकीच्या आहेत, मुद्दाम कामात खोडा घालून राह्यली. संध्याकाळी कॉम्प्युटर गोदामात गेले आणि भैरवी घरी.

"ऐकून राह्यली ना मी, बोल... माह्या चाचण्या? त्या तर तू पुसून टाकल्या ना रे?... मग गरम कायले होतो? विचारलं फक्त... मले नाई आठवत. तूच सांग, काय म्हणाला होता तू सदाशिवकाकांले?... आवाज नाई येऊन राह्यला. मोठ्यानं बोल... अजून मोठ्यानं."

आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"'चाचण्या बरोबर होत्या, मी खोटं बोललो.'... हो. आता आला ऐकू."

पलीकडे तो भराभर काहीबाही सांगत सुटला. भैरवीनं त्याला बोलू दिलं.

"कोण बाई?... संघानं तपासायले ठेवली ती? नावही नाई सांगितलं तुले?... अरे, ती मीच... हॅलो? आहेस ना?... नाई, नाई, खोटं काहीच नाई केलं. चाचण्या पुन्हा लिहिल्या, तसेच तीन कॉम्प्युटर मांडले आणि संघाच्या माणसांसमोर चालवल्या. सगळ्यांनी पाह्यलं... कोणाले देतो फोन?... दे ना. दे."

ती उठून उभी राहिली. सदाशिवरावांसमोर बसून बोलायची सवय नव्हती, फोनवरसुद्धा.

"नमस्कार काका... तो आत्ता मोठ्यानं काय म्हणाला, ऐकलं ना तुम्ही?... नाई काका, राग कसला."

राग होता. वर्षभर तिनं तो जरासुद्धा थंड होऊ दिला नव्हता.

"चूक ना? फाइलीचं नाव आहे काका. एका जागी इंग्रजी 'के' कॅपिटल, दुसऱ्या जागी लहान. विंडोज दोन्ही एकच समजते. लिनक्सले त्या दोन वेगळ्या फाइली... हो, दहा मिनिटांचं काम... आता करून काय फायदा? सकाळीच काम दुसऱ्या कंपनीले गेलं. ते तयार होईस्तोवर केंद्रावर हातानं पावत्या लिहितील, कापूस नाई अडत... हो, माहीत होतं मले. संघासाठी तपासलं त्या पहिल्या दिवशीच कळलं होतं... हो काका, नापास करायच्या आधी एक फोन करता आला असता."

म्हाताऱ्यानं हळूच काहीतरी विचारलं.

"काहून नाई केला?... मले काढायच्या आधी तुम्ही एक शब्द विचारला होता का, काका?... ठेवते."

तिनं फोन ठेवला. आता आपल्याला वाईट वाटेल, असं वाटून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. नाही वाटलं.